झिजलेला दांडा, झिजलेला अंगठा

अजिंठ्याचा घाट उतरला की फर्दापूर लागतं. लेणी पाहायला आलेला माणूस टी-पॉइंटवर गाडी लावतो, एसटीच्या बसमध्ये बसतो आणि वाघूरच्या खोऱ्यात आत निघून जातो. गावात शिरायचं त्याला काही कारण नसतं. मला होतं. मला तिथला हापसा पाहायचा होता.

हापसा तसा कुठेही दिसतो. तीन पायांवर उभं लोखंडी धूड, पुढे तोंड, मागे लांब दांडा, खाली सिमेंटचा ओटा आणि ओट्यातून निघालेली नाली. पण जवळ जाऊन दांडा पाहावा. त्याचा रंग कधीच गेलेला असतो. टोकाची वीतभर जागा भांड्यासारखी चकचकीत झालेली असते, कारण टोकाला धरलं की जोर कमी लागतो हे प्रत्येक बाईला पहिल्या दिवशीच कळतं. त्याच्या आतल्या बाजूला, हातभर अंतरावर, आणखी एक फिकट चकाकी दिसते. आई टोकाला धरते तेव्हा मदतीला आलेली पोरगी तिथे धरून लटकते. तोंडाखाली ओट्यावर एक गोल खळगा आहे. वर्षानुवर्षं तिथेच घागर टेकल्याने सिमेंट बसलं आहे. कोण येतं, किती उंचीचं येतं, जोर कुठे लावतं, भांडं कोणतं आणतं हे सगळं त्या झिजेत लिहिलेलं आहे. वाचणारा हवा.

गरीब देशांतल्या माणसांसाठी तंत्रज्ञान कसं घडवावं यावर जगभर पुष्कळ लिहिलं जातं. मला त्याचं सर्वांत चांगलं उदाहरण हा हापसाच वाटतो, आणि त्याची सुरुवात आपल्याच मुलखात झाली हे फार थोड्यांना माहीत आहे. या यंत्राच्या घराण्याचा पहिला पुरुष जालन्याचा. जालना १ मे १९८१ रोजी वेगळा जिल्हा झाला. त्याआधी ते औरंगाबाद जिल्ह्यातलंच गाव. म्हणजे फर्दापूरच्या हापशाचं आजोळ एकेकाळी त्याच्याच जिल्ह्यात होतं.

आधी खडकाबद्दल. फर्दापूरच्या वर डोंगरात ज्या काळ्या पाषाणात लेणी कोरली, तोच पाषाण गावाच्या पोटात आहे. हा लाव्हाचा खडक वाळूसारखा पाणी पिऊन बसत नाही. पाणी राहतं ते त्याच्या भेगांत, सांध्यांत आणि वरच्या मुरमाड थरात. सुरुंग लावून विहीर खोदायची तर महिने जातात, आणि दोन पावसाळे हुकले की ती कोरडी पडते. १९६० च्या दशकात दाबाच्या हवेवर चालणारी, खडक ठोकत खाली जाणारी बोअरची यंत्रं आली आणि महिन्यांचं काम एक-दोन दिवसांवर आलं. १९७२ च्या दुष्काळात तर बोअर हाच आधार झाला. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली तीही त्याच वर्षी. पण बोअरची एक अडचण असते. विहिरीत दोर सोडता येतो, सहा इंची भोकात घागर जात नाही. वरचा पंप बंद पडला की खाली पाणी असून नसल्यासारखं.

आणि पंप बंदच पडायचे. त्या काळी बसवले जात ते बिडाचे ओतीव हातपंप. युरोप-अमेरिकेतल्या शेतावरच्या घरासाठी, एका कुटुंबाच्या गरजेपुरते केलेल्या पंपांच्या त्या नकला होत्या. १९७४ च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा कुठल्याही दिवशी दर चारांपैकी तीन पंप बंद असल्याचं दिसलं. दोष सहज वापरणाऱ्यांवर ढकलता आला असता, आणि ढकललाही जात होता: लोक दांडा आपटतात, पोरं लटकतात, गावाला काळजी नाही. पण जरा हिशेब करून पाहा. ग्रामीण पाणीपुरवठ्याचा पुढे रूढ झालेला सरकारी निकष होता २५० माणसांमागे एक हातपंप आणि माणशी रोज ४० लिटर पाणी. म्हणजे एका पंपातून दिवसाला १०,००० लिटर. चांगला पंप ४० वेळा हापसल्यावर साधारण १२ लिटर देतो. तेव्हा दिवसाला ३३,००० हून जास्त वेळा दांडा खालीवर. न थांबता, मिनिटाला ४० च्या वेगाने हापसलं तरी चौदा तास लागतात. वर्षाचा आकडा सव्वा कोटीच्या जवळ जातो. सहा माणसांच्या कुटुंबाला याच हिशेबाने दिवसाला आठशे वेळा पुरतं. जे यंत्र आठशेसाठी केलं त्याच्याकडून तेहेतीस हजार मागितले जात होते. लोक दांडा नीट धरत होते की नाही, हा प्रश्नच मुळात चुकीचा होता.

जालन्यात स्कॉटलंडच्या चर्चचं मिशन होतं. बोअर घेण्याच्या कामात ते लवकर उतरलं होतं, आणि ज्याने पंप बसवला त्यालाच दुरुस्तीचं बोलावणं येणार हे ओघाने आलं. पंप कुठे तुटतो हे त्यांना कुणी अहवालात लिहून कळवलेलं नव्हतं. तुटलेला पंप समोर पडलेला असायचा. बिडाचा दांडा तडकायचा. जिथे जिथे खीळ घालून दोन भाग जोडलेले, तिथलं भोक मोठं होत जायचं, दांडा डावीकडे-उजवीकडे डुलायचा आणि त्या डुलण्याने आतली सळई घासून जायची. म्हणून जालन्याच्या पंपात बीड गेलं आणि पोलाद आलं, कापून वेल्डिंग करता येईल असं. अनेक सांध्यांऐवजी दांड्याला फिरायला एकच आस ठेवला. जालन्याची ही कल्पना नगर जिल्ह्यातल्या वडाळा मिशनकडे गेली, तिथे तिच्यात भर पडली, आणि दोन गावांची नावं जोडून त्या पंपाला ‘जालवाड’ म्हणू लागले. पुढे सोलापुरात ऑस्कर कार्लसन यांच्या सोलापूर वेल सर्व्हिसने तो आणखी पक्का केला. सोलापूर पंप त्या वेळी देशातला सर्वांत टिकाऊ पंप मानला जाई. जालना, वडाळा, सोलापूर: कुठल्याही विद्यापीठाच्या नकाशावर ही वाट सापडायची नाही.

या पंपाचं डोकं उघडून पाहिलं तर त्यातली समज दिसते. दांड्याच्या पुढच्या टोकाला चाकाच्या चतकोरासारखा एक गोलसर तुकडा असतो आणि त्याच्यावरून सायकलसारखी साखळी खाली जाते. साखळीला पाण्यातल्या दट्ट्याची सळई लटकवलेली. मागे दांडा दाबला की पुढचा चतकोर वर जातो आणि साखळी सळईला ओढते. साखळी गोलाईवर लपेटून बसते, त्यामुळे दांडा कितीही तिरपा झाला तरी सळई मात्र ओळंब्यासारखी सरळ वर येते, कुठे घासत नाही. दांडा सोडला की सळई स्वतःच्या वजनाने खाली जाते. दांडा पोकळ नळीचा न करता भरीव, जड सळईचा केलेला आहे. त्याच्या वजनाने खालच्या सळयांचं वजन तोललं जातं आणि बाईच्या हातावर पाण्यापुरताच भार येतो. आसाला बंदिस्त बेअरिंग आहेत, कारण रोज तेल घालायला गावात कुणी येणार नाही हे गृहीत धरलं आहे. तीन पाय काँक्रिटमध्ये गाडले जातात आणि बोअरचा पाइप मधल्या बैठकीच्या आत बंद होतो, म्हणजे ओट्यावर सांडलेलं, गुरांनी तुडवलेलं पाणी परत बोअरमध्ये उतरत नाही. यातली एकेक गोष्ट कुणाच्या तरी नेहमीच्या वागण्याला दिलेलं उत्तर आहे.

१९७० च्या दशकाच्या मध्यावर युनिसेफने सोलापूर पंप पुढे ठेवून, मद्रासची मेराडो ही सरकारी संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास हा सरकारी कारखाना यांच्यासोबत सगळ्या देशासाठी एकच पंप घडवला. तोच इंडिया मार्क टू. कोइमतूरच्या खोल बोअरवर त्याची परीक्षा झाली, आणि १९७९ मध्ये आयएस ९३०१ हे भारतीय मानक आलं. त्याच्यावर कुणाचं पेटंट ठेवलं नाही, हे मला यातलं सर्वांत मोठं शहाणपण वाटतं. नकाशे खुले होते. मापात बनवणाऱ्या कुठल्याही कारखान्याला तो बनवता येत होता, आणि एका कारखान्याचा सुटा भाग दुसऱ्याच्या पंपाला बसत होता. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जगभर असे सुमारे ५० लाख पंप बनून बसले असा अंदाज आहे. युगांडात त्याचं नाव यू-टू आहे, माली देशात ‘इंडिया-माली’.

इतकं होऊनही काम संपलं नव्हतं, कारण वापरणारी माणसं अजून काही सांगत होती. मार्क टू वरून मजबूत, पण त्याचा दट्ट्या खाली पाण्यात. तिथला चामड्याचा वायसर गेला की दांडा नुसताच खालीवर होतो, पाणी चढत नाही. थोडक्या पैशांची वस्तू, पण ती बदलायची तर पाण्याने भरलेले सगळे लोखंडी पाइप एकेक करून वर काढायचे. त्याला तिकाटणं लागतं, खास पाने लागतात, तीन-चार गडी लागतात. म्हणून तालुक्याहून गाडी येईपर्यंत वाट पाहायची. वाट पाहणारी बाई तोवर जुन्या विहिरीकडे किंवा नदीतल्या झऱ्याकडे चालू लागलेली असते. पंप एका गावचा असला तरी त्याची दुरुस्ती दुसऱ्या गावच्या हातात होती.

१९८३ ते १९८८ या काळात कोइमतूरलाच पुन्हा प्रयोग झाले आणि त्यातून मार्क थ्री निघाला. त्यात वर चढणारा पाइप रुंद केला, इतका की सळईला बांधलेला दट्ट्या आणि खालची झडप पाइपाच्या आतूनच वर ओढून घेता यावी. पाइप जागचा हलवायचा नाही. चामड्याच्या वायसरच्या जागी नायट्राइल रबराचा आला. तो कितीतरी जास्त टिकला. ताकदीची जी अट होती ती कमी झाल्याबरोबर पंप दुरुस्त करणाऱ्या माणसांचा वर्गही रुंदावला. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात महिला समाख्या या कार्यक्रमातून बायका हातपंपाच्या मिस्त्री झाल्या. पाना त्यांच्या हातात आला तेव्हा पंप बंद राहण्याचे दिवस कमी करण्यात त्यांचा स्वतःचा स्वार्थ होता, कारण बंद पंपाचं ओझं त्यांच्याच डोक्यावर यायचं.

पश्चिम आफ्रिकेत मात्र हाच पंप नव्याने अडखळला. तिथल्या काही भागांत जमिनीखालचं पाणी आम्लयुक्त आहे. जस्ताचा थर चढवलेले आपले पाइप त्यात गंजले, पाणी तांबडं येऊ लागलं. कपडे डागाळायचे, अन्नाला रंग आणि चव लागायची. पंप चालू असून बायका पुन्हा जुन्या पाण्याकडे वळल्या. आरोग्याच्या तक्त्यात ते पाणी सुरक्षित होतं, त्यांच्या चुलीवर ते चालत नव्हतं. शेवटी पाइप बदलावे लागले, स्टेनलेस स्टीलचे किंवा प्लास्टिकचे. मराठवाड्याच्या पाषाणात शिकलेला धडा दुसऱ्या मातीत तसाच्या तसा लागू पडत नाही. तिथल्या माणसांकडे पुन्हा जावंच लागतं.

याच्या उलट टोकाचं उदाहरणही पाण्याचंच आहे. दक्षिण आफ्रिकेत ‘प्लेपंप’ नावाची कल्पना निघाली: मुलांचं गोल फिरणारं चक्र, मुलं खेळतील आणि त्यांच्या खेळण्याने पाणी वर टाकीत चढेल. चित्रात फार गोड दिसायचं. २००६ मध्ये अमेरिकेत तिच्यासाठी मोठा निधी जाहीर झाला आणि २०१० पर्यंत ४,००० पंप बसवायचं ठरलं. पण चक्र ढकलणं हा खेळ राहिला नाही, काम झालं. मुलं शाळेत गेली की तेच चक्र बायकांना वाकून ढकलावं लागायचं. म्हाताऱ्या बायांना तर ते जमेचना. कित्येक ठिकाणी आधीचा चालता हातपंप काढून त्या जागी हे बसवलं होतं. योजना ठरल्या मुदतीच्या आतच गुंडाळली गेली. निधी देणाऱ्यांचं मन स्वच्छ होतं याबद्दल मला शंका नाही. बसवण्याआधी एखाद्या आजीला ते चक्र दहा मिनिटं ढकलायला लावलं असतं तरी पुष्कळ कळलं असतं.

हे सगळं जुन्या लोखंडाबद्दल झालं. आता गावात नळ आले आहेत. जल जीवन मिशनने २०१९ पासून माणशी रोज ५५ लिटरचं माप ठेवलं आहे. नळाला पाणी नसलं त्या दिवशी हापसा असतोच. पण आज माणसाचं अडतं ते दुसऱ्याच यंत्रांपाशी, आणि तिथे जालन्याच्या धड्याची मला फार आठवण येते.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. आज रेशन, पेन्शन, केवायसी सगळं त्या क्रमांकावर चालतं, आणि ओळख पटवायला बहुतेक ठिकाणी बोट ठेवावं लागतं. बोटावरच्या रेषा कुणाच्या शाबूत राहतात? ज्याचा हात कागदावर आणि कळफलकावर फिरतो त्याच्या. कापूस वेचणाऱ्या, निंदणी करणाऱ्या, राखेने भांडी घासणाऱ्या, दगड फोडणाऱ्या हाताच्या रेषा पुसट होतात. वयाने आणखी पुसतात. ज्या माणसाला रेशनची जास्त गरज, त्याचाच अंगठा यंत्राला वाचता येत नाही. हे आधीपासून माहीत होतं. आधारमध्ये बोटांच्या जोडीला बुबुळाचा ठसा घेण्यामागे हेही एक कारण होतं. पण दुकानातल्या यंत्राने बोटच मागितलं तर नोंदणीतलं बुबुळ काय कामाचं? ‘अंगठा लागत नाही’ हे वाक्य आता गावोगाव इतकं सरावाचं झालं आहे की त्यातला अन्याय ऐकू येत नाही. पंप बंद पडला तेव्हा दोष लोकांच्या हाताला दिला होता, तसाच इथेही दिला जातो. वाक्याचा कर्ता अंगठा आहे. ‘यंत्राला वाचता येत नाही’ असं कुणी म्हणत नाही.

चांगलं कामही आपल्याकडेच झालं आहे, तेही सांगायला हवं. मोबाइलवर मराठी लिहायचं तर बहुतेक जण आधी ते इंग्रजी अक्षरांत जुळवतात. म्हणजे मराठी लिहायला इंग्रजी यावं लागतं. पवईच्या आयआयटीत, औद्योगिक अभिकल्प केंद्रात, अनिरुद्ध जोशी आणि त्यांचे सहकारी यांनी या प्रश्नावर अनेक वर्षं काम केलं. त्यांचा ‘स्वरचक्र’ हा कळफलक २०१३ च्या सुमारास आला. त्यात व्यंजनं पाटीवरच्या क्रमाने मांडलेली असतात: क ख ग घ, च छ ज झ. ‘क’ वर बोट टेकवून धरलं की त्याच्याभोवती चक्र उमलतं: का, कि, की, कु, कू. हवं त्या दिशेला बोट सरकवायचं, सोडायचं. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला बाराखडी पाठ असते. तिच्याकडे होतं तेच ज्ञान इथे वापरलं. तिला काही नवीन शिकायला लावलं नाही. याच चमूने २००८ मध्ये ‘रंगोली’ नावाची फोनवही मांडली होती, ज्यात नाव वाचता न येणाऱ्याने रंग आणि चित्रं यांवरून माणूस शोधायचा.

टी-पॉइंटवर परत येताना चमकत्या दगडांच्या टपऱ्या लागतात. स्फटिकांनी भरलेले गोटे फोडून मांडलेले असतात. एका टपरीवाल्याचे दोन्ही हात दगड कागदात गुंडाळण्यात अडकलेले होते. गिऱ्हाइकाने फोन दाखवला, त्याने मान वर केली नाही. बाजूच्या छोट्या डब्याने मराठीत रक्कम सांगितली, तेव्हा त्याने पुडकं पुढे केलं. बारीक अक्षरांचा संदेश उन्हात वाचत बसायला त्याला वेळ नाही, खोटा स्क्रीनशॉट ओळखायची खात्री नाही. त्याचे कान मात्र मोकळे आहेत. हा डबा ज्याने कुणी पहिल्यांदा सुचवला, त्याने दुकानात उभं राहून पाहिलं असणार. साध्या बटणांच्या फोनवरून पैसे पाठवण्याची ‘यूपीआय १२३ पे’ ही सोय ८ मार्च २०२२ रोजी आली, तीही स्मार्टफोन नसलेली माणसं मोजल्यावर.

हापशावर भेटलेल्या मावशींना मी विचारलं होतं, रेशनला अंगठा लागतो का. त्या हसल्या. हात पदराला पुसला आणि उलटा करून दाखवला. उजव्या अंगठ्याचं पेर दांड्याच्या टोकासारखंच गुळगुळीत. खोबरेल लावून पाहिलं, म्हणाल्या, दुसरी बोटं लावून पाहिली. आता त्या डाव्या हाताची करंगळी लावतात. वेचणीला ती कमी लागते, दांड्यावर टेकत नाही. एवढं सांगून त्यांनी घागर खळग्यात ठेवली आणि दांडा धरला.